घरच्याच वावरातला सालदार

‘आम्ही जिवंत असतानाच वावराची वाटणी करून द्यावी, की आमच्यामागून होऊ द्यावी?’ काटोल, नरखेड, कळमेश्वरकडून नागपुरात समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे आईवडील हा प्रश्न हमखास विचारतात. एका घरात काय झालं ते सांगते, त्यात माझं उत्तर आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिल्यांदा आली ती सून. नवरा तीन महिन्यांपासून रात्री अंगणात येरझारा घालतो, ताटावरून उठून जातो, म्हणून त्याला जवळजवळ ओढतच घेऊन आली होती. वय 38. हातांवर संत्र्याच्या काट्यांचे ओरखडे, नखांत बोर्डो मलमाची निळसर रेघ. अर्धा तास तो स्वतःच्या पायांकडे बघत होता. मग एकदम म्हणाला, “मॅडम, मी आपल्याच घरचा सालदार हाओ जी. सालदाराले तरी पाडव्याले हिशोब भेटते.” सालदार म्हणजे सालाच्या बोलीवर वावरात राबणारा गडी.

घरची नऊ एकर. पाच एकरांत संत्र्याचा बगीचा, बाकी पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि तूर. थोरला भाऊ पुण्यात इंजिनिअर, बहीण अमरावतीला दिलेली. बारावीनंतर वावरात उतरला तो हाच, त्याला 20 वर्षं झाली. पण सातबाऱ्यावर नाव एकट्या वडिलांचं. त्यामुळे पीककर्ज वडिलांच्या नावावर, बगीच्याचा सौदा झाला की पैसा वडिलांच्या खात्यात, पीएम किसानचे वर्षाचे 6000 रुपयेही तिकडेच. लेकीच्या शाळेची फी भरायची तर वडिलांपुढे हात पसरायचा. त्यात आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याअखेर फुलणाऱ्या बहाराची, फळगळ झाली, आणि चार पाहुण्यांसमोर वडील बोलून गेले, “याले शेती जमत नाही.” त्या दिवसापासून त्याची झोप उडाली.

मी त्याला सरळ विचारलं, जीव द्यायचा विचार मनात येतो का? असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात भरतो, अशी लोकांना भीती वाटते. तसं होत नाही. उलट विचारणारं कोणी भेटलं की माणूस मोकळा होतो. तो बराच वेळ थांबला आणि म्हणाला, “दोनदा आला.” वाटणी-बिटणी सगळं त्या क्षणी बाजूला ठेवलं. फवारणीची औषधं त्याच संध्याकाळी मामांच्या घरी कुलपात गेली, दुसऱ्या दिवशी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दोघांच्याही मोबाइलमध्ये घालून दिला. तो फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. तुमच्याही घरात कोणी असं गप्प झालं असेल, तर वाटणीच्या बैठकीची वाट बघू नका.

वडील यायला तयार नव्हते. “मले काय येड लागलं?” तीन आठवड्यांनी आले ते पिशवीभर संत्री घेऊन. वय 71, धोतर स्वच्छ, आवाज खणखणीत. मी मुलाचा विषयच काढला नाही. विचारलं, “काकाजी, वावर तुमच्या नावावर कधी झालं?”

ते थबकले. वडील वारले तेव्हा, म्हणाले. तोवर 39 वर्षांचे झाले होते. नाव लागलं तेही सुखानं नाही. सख्ख्या भावाशी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण लागलं, कोर्टात 11 वर्षं गेली, आणि तेवढ्या काळात सामाईक विहिरीचं पाणी कोणीच उपसलं नाही म्हणून दोघांचीही झाडं वाळली. सांगताना ते एका संत्र्याचं साल सोलत होते. फोड मात्र तोंडात घातली नाही.

मग खरी गोष्ट बाहेर आली. गावातल्या एका म्हाताऱ्यानं सगळं पोरांच्या नावानं करून दिलं आणि आता त्याला चहाही मागून प्यावा लागतो. “माह्या नावावर वावर हाय म्हणून मले इचारतात, मॅडम.”

या भीतीला मी कधीच स्वार्थ म्हणत नाही. तिला उपाय आहेत, आणि ते वकिलासमोर बसून करायचे असतात. बक्षीसपत्र केलं तर त्यात सांभाळाची अट स्पष्ट लिहून घ्यावी. ती मोडली, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यानुसार न्यायाधिकरणाकडे ते रद्द करून मागता येतं. वाटणी करायची, तर आईवडिलांचा हिस्सा आधी बाजूला काढायचा. सगळ्यांची संमती असेल तर महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडूनही वाटप होतं, कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

आणि लेक? “तिले लग्नात देल्लं ना,” काकाजी म्हणाले. मी त्यांना सांगितलं, 2005 पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, लग्नातल्या खर्चानं तो फिटत नाही. राखीला बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत मला फार टोचते. घरच्या बैठकीत तिला पहिल्यांदाच विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “मले माहा हिस्सा पाहिजे. देईन मात्र बटईनं, धाकटा दादाच करील.” भावांच्या माना खाली गेल्या, पण धाकट्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बटईत, म्हणजे पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याचं वावर कसण्यात, निदान हिशोब लिहिलेला असतो.

त्या बैठकीत वाटणी झाली नाही. ती एका दिवसात होतही नाही, तशी घाईही मी करू देत नाही. दोन गोष्टी तेवढ्या ठरल्या. यंदाच्या बहारापासून निव्वळ उत्पन्नातला ठरलेला वाटा धाकट्याच्या स्वतःच्या खात्यात जाईल. आणि झाडांचं पाणी तोडून ताण कधी द्यायचा, पाणी कधी सोडायचं, सौदा कोणाशी करायचा, हे तो ठरवेल. काकाजी सल्ला देतील, तोही घरात, पाहुण्यांसमोर नाही.

औषधं अजून चालू आहेत, पण धाकटा आता पाच-सहा तास झोपतो. काकाजी पहाटे बगीच्यात जातातच. परवा संत्र्याचा कोणता बहार धरायचा यावरून त्यांचा फोन आला, “तो म्हणते मृग धरू, मी म्हणतो आंबिया. मी गप्प बसलो, मॅडम. लय जड गेलं.”

रस्त्याला लागून असलेली दोन एकर मात्र अजून अडकली आहे. तिथं प्लॉट पडू लागलेत, थोरल्याला तोच तुकडा हवा आहे, आणि विहीरही त्यातच आहे. त्यासाठी सगळे पोळ्यानंतर पुन्हा बसणार आहेत, बहिणीसकट.