त्वचेचं वय आणि रोजच्या सवयी : वाचकांचे प्रश्न

सुरकुत्या, वांग आणि सैल पडत चाललेली त्वचा यांबद्दल बरीच पत्रं आली आहेत. बहुतेकांनी ‘कोणतं क्रीम लावू?’ असं विचारलं आहे. आम्ही आधी काय थांबवायचं ते सांगतो आहोत. त्वचेतलं कोलॅजन, म्हणजे तिला घट्ट ठेवणारं प्रथिन, एकदा गेलं की ते परत आणणं खर्चाचं असतं आणि पूर्ण परत येत नाही.

प्रश्न : वय ४६. विक्रीच्या कामासाठी पंधरा वर्षं रोज गाडी चालवतो. एसीमुळे काचा बंदच असतात. तरी उजव्या गालावर आणि कानशिलाजवळ डाग व सुरकुत्या डाव्या बाजूपेक्षा जास्त आहेत. असं का?

तुमची उजवी बाजू खिडकीकडे असते, म्हणून. उन्हातल्या अतिनील किरणांचे दोन प्रकार आपल्यापर्यंत पोहोचतात. यूव्हीबी किरणांनी कातडी भाजते, लाल होते. ती साध्या काचेत बहुतांशी अडतात. यूव्हीए किरणं मात्र काचेतून आत येतात. त्यांनी चटका बसत नाही, त्यामुळे आपण उन्हात आहोत हे कळतही नाही. ती त्वचेच्या खालच्या थरापर्यंत जातात. तिथं कोलॅजन तोडणारी विकरं वाढतात आणि लवचीकपणा देणारे इलॅस्टिनचे धागे जाड होऊन गोळा होतात. जमिनीवर येणाऱ्या अतिनील किरणांत यूव्हीएचा वाटा सुमारे ९५ टक्के असतो, आणि सकाळ-संध्याकाळच्या कोवळ्या उन्हातही ती असतात.

‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचा फोटो छापला होता. त्यांनी २८ वर्षं ट्रक चालवला होता. त्यांच्या चेहऱ्याची डावी, म्हणजे खिडकीकडची बाजू जाड, खोल सुरकुत्यांची आणि उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी दिसत होती. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, आपल्याकडे उजवीकडे.

गाडीची पुढची काच दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर घालून केलेली असते, ती यूव्हीए जवळजवळ सगळी अडवते. दारांच्या काचा सहसा तशा नसतात. किती अडवतील ते गाडीगाडीवर अवलंबून आहे. काच गडद दिसते म्हणजे यूव्हीए अडते असं समजू नका. फिल्म लावायचा विचार असेल तर यूव्हीए किती टक्के अडते तो आकडा विचारा, आणि आधी आरटीओकडून नियम समजून घ्या. पुढच्या-मागच्या काचांतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत यावा लागतो.

तुमच्यासाठी सोपा उपाय असा : पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि निघण्याआधी चेहरा, उजवा कान, मानेची उजवी बाजू व स्टिअरिंगवर राहणारे दोन्ही पंजे यांना सनस्क्रीन. पुरुष कान आणि पंजे हमखास विसरतात. एसटीत नेहमी खिडकीशी बसणाऱ्यांनी आणि ऑफिसात काचेला लागून टेबल असणाऱ्यांनीही हेच करावं. आणि एक, त्या डागांपैकी एखादा वाढत असेल, त्याची कड वेडीवाकडी होत असेल किंवा त्यातून रक्त येत असेल, तर तो आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : एसपीएफ ५० चं सनस्क्रीन रोज लावते, तरी गालावरचं वांग वाढतंय. एसपीएफ वाढवू का?

एसपीएफ, म्हणजे सनस्क्रीन उन्हापासून किती वाचवतं तो आकडा, वाढवून फारसं हाती लागणार नाही. एसपीएफ ३० यूव्हीबीपैकी सुमारे ९७ टक्के अडवतं, एसपीएफ ५० सुमारे ९८ टक्के. चुकतं ते बहुधा प्रमाणात. हा आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका जाड थर लावून काढलेला असतो. घरी बहुतेक जणी त्याच्या निम्म्याहून कमी लावतात, आणि मग ५० चं संरक्षण २५ किंवा त्याहूनही खाली येतं.

तर्जनी आणि मधलं बोट यांवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ ओढा. चेहरा आणि पुढची मान यांना एवढं लागतं, सुमारे १ ग्रॅम. एकदम फासलं तर पांढरं दिसतं, म्हणून आधी एक रेघ पसरवा, दोन मिनिटांनी दुसरी. चोळत बसू नका. कान, मानेची मागची बाजू आणि ब्लाउजच्या गळ्याबाहेर उघडी राहणारी पाठ यांना वेगळं लागेल. घराबाहेर पडण्याच्या १५-२० मिनिटं आधी लावा. बाहेरच असाल तर दर दोन-तीन तासांनी आणि घाम पुसल्यावर पुन्हा. ट्यूबवरून हिशेब तपासा : रोज एकदा नीट लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब दीड-पावणेदोन महिन्यांत संपते. तुमची सहा महिने पुरत असेल तर एसपीएफ कितीही असला तरी उपयोग नाही.

एसपीएफ हे मुख्यतः यूव्हीबीचं माप आहे. यूव्हीएसाठी ट्यूबवर ‘पीए’ (PA) या अक्षरांपुढची अधिक-चिन्हं (+) बघा, किमान तीन हवीत. वांगाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत साध्या, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानंही रंग गडद होतो, आणि पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन घ्या. वांग असणाऱ्या प्रत्येकीला आम्ही हेच सुचवू.

रोज लावून खरंच फरक पडतो का, असंही अनेकांनी विचारलं आहे. पडतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या नॅम्बर गावी १९९२ पासून साडेचार वर्षं याची चाचणी झाली. ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांच्या पंजाच्या मागच्या त्वचेचे ठसे घेऊन बदल मोजला. रोज लावणाऱ्यांत त्वचेचं म्हातारपण, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी आढळलं. त्या सनस्क्रीनचं एसपीएफ १५ च्या आसपास होतं. फरक रोज लावण्यानं पडला.

प्रश्न : सासूबाई सांगतात तसं आठवड्यातून तीनदा बेसन, हळद आणि लिंबू चेहऱ्याला लावते, अंग नायलॉनच्या जाळीनं घासते. दंडांवर आणि पाठीवर काळपट ठिपके आले आहेत. मळ साचलाय का?

तो मळ नाही. जाळीनं घासल्यामुळेच ते ठिपके आलेले असण्याची दाट शक्यता आहे. दंडाची बाहेरची बाजू, पाठीचा वरचा भाग, नडग्या ही जोरात घासली जाणारी ठिकाणं. तिथं वर्षानुवर्षं घर्षण झालं की वरच्या थरातल्या पेशी मरतात आणि त्यांचे अवशेष खाली साचतात. पाण्यावर उठणाऱ्या लहरींसारखे तपकिरी पट्टे दिसतात, खाजही येते. डॉक्टर याला मॅक्युलर अमायलॉइडोसिस म्हणतात. काळं दिसतं म्हणून बाई आणखी जोरानं घासते, आणि ते आणखी काळं होतं. नायलॉनची जाळी, घोसाळ्याची जाळी, खरखरीत पंचा, दगड सगळं आजपासून बंद. वजरी फक्त टाचांना, तिथली कातडी मुळातच जाड असते. डाग फिके व्हायला कित्येक महिने लागतील आणि काही थोडे राहतीलही. जाळी बंद केल्याशिवाय कोणत्याही मलमाचा गुण येणार नाही.

लिंबूही काढून टाका. लिंबाचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) २ च्या आसपास, त्वचेचा साधारण ५. शिवाय लिंबाच्या रसात आणि सालीत अशी द्रव्यं असतात, जी त्वचेवर राहिली आणि वर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे महिनोन् महिने डाग राहतो. बेसन, हळद, दूध चालेल, पण वाळून कडक होऊ देऊ नका आणि खरवडून काढू नका. ओलं असतानाच धुवा. आठवड्यातून एकदा पुरे. दिवाळीच्या उटण्याला आमची काहीच हरकत नाही.

आंघोळीचं पाणी कोमट घ्या. साध्या साबणाचा पीएच ९-१० असतो, त्यामुळे साबण काख, जांघ आणि पावलांना रोज लावा, हातापायांना आणि पाठीला रोज लावायची गरज नाही. अंग टिपून घ्या आणि ओलसर असतानाच, तीनेक मिनिटांत, मॉइश्चरायझर किंवा दोन चमचे खोबरेल तेल लावा. चेहऱ्यावर मुरमं येत असतील तर तिथं तेल नको. ग्लिसरीन वापरत असाल तर एक भाग ग्लिसरीनला तीन भाग गुलाबपाणी घ्या. नुसतं ग्लिसरीन कोरड्या हवेत त्वचेतलंच पाणी ओढून घेतं.

प्रश्न : मेडिकलमधून घेतलेली गोरेपणाची ट्यूब दोन वर्षं रात्री लावते. आधी चेहरा उजळला. आता लावली नाही की लाल होतो, आग होते, हनुवटीवर लव वाढली आहे.

ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथाझोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. सुरुवातीला रंग उजळतो, म्हणून विश्वास बसतो. पुढे त्वचा कागदासारखी पातळ होते, आतल्या रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरमं आणि लव येते. अशी त्वचा उन्हात फार लवकर म्हातारी होते. ही मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. २०१८ मध्ये सरकारनं तो नियम आणखी कडक केला. तरी ती सर्रास मिळतात, याची आम्हाला चीड आहे.

एकदम बंद केल्यावर काही दिवसांत चेहरा भडकतो. तेव्हा घाबरून पुन्हा तीच ट्यूब लावली जाते आणि त्या फेऱ्यातून सुटका होत नाही. म्हणून ट्यूब घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ती हळूहळू कशी सोडवायची ते तेच ठरवतील. तोवर सौम्य फेसवॉश, बिनसुगंधी मॉइश्चरायझर आणि झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन, एवढंच. घरचा लेप नको, फेशियल नको, घरात लग्न असलं तरी ब्लीच नको. आणि ज्या डबीवर घटकच छापलेले नाहीत ती घेऊ नका. अशा काही क्रीममध्ये पारा सापडला आहे आणि पाऱ्यानं मूत्रपिंडं खराब होतात.

प्रश्न : साखर सोडली आणि कोलॅजन पावडर घेतली तर सुरकुत्या कमी होतील?

रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की ती कोलॅजनला चिकटते आणि धागे ताठर होतात, म्हणून मधुमेह आटोक्यात ठेवणं त्वचेसाठीही महत्त्वाचं. चहातली साखर सोडल्यानं आहे ती सुरकुती जात नाही. कोलॅजन पावडर पोटात इतर प्रथिनांसारखीच पचते. तिच्या बाजूचे बरेचसे अभ्यास उत्पादकांच्या पैशांतून झालेले आहेत. त्यापेक्षा जेवणातली प्रथिनं मोजा : ६० किलो वजनाला रोज सुमारे ५० ग्रॅम लागतात, एका अंड्यात ६ ग्रॅम असतात. सिगारेट ओढत असाल तर पावडरीचा विषय नंतर. निकोटिननं त्वचेचा रक्तपुरवठा आवळला जातो, धुरानं कोलॅजन तुटतं, आणि ओठांभोवतीच्या उभ्या रेघा त्यातून येतात.

प्रश्न : वय ३९. रेटिनॉल सुरू केलं, आठवड्यात साली निघाल्या. सोडून देऊ?

रेटिनॉल हे ‘अ’ जीवनसत्त्वाचं एक रूप, सुरकुत्यांसाठी रात्री लावतात. बहुधा रोज आणि जास्त लावलं असेल. साली निघणं थांबेपर्यंत बंद ठेवा. मग आठवड्यातून दोन रात्री, संपूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढंच. चेहरा धुतल्यावर पूर्ण कोरडा होऊ द्या, वीसेक मिनिटं. फारच झोंबत असेल तर खाली-वर मॉइश्चरायझरचा थर द्या. पापण्या, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे सोडा. महिन्यानं सोसलं तर एक रात्र आड. त्याच रात्री ग्लायकोलिक ॲसिड लावू नका. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात आणि दिवसा सनस्क्रीन नसेल तर लावून काही उपयोग नाही. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर पूर्ण बंद.

प्रश्न : शेतात खुरपणीला, वेचणीला दिवसभर उन्हात असतो. दर दोन तासांनी सनस्क्रीन परवडत नाही.

मग कापडावर भर द्या, ते सनस्क्रीनपेक्षा भरवशाचं आहे. कापड उजेडासमोर धरा. आरपार दिसत असेल तर ऊनही आरपार जातं. पातळ पांढऱ्या सुती सदऱ्यानं बेताचंच संरक्षण मिळतं, आणि घामानं भिजला की तेही घटतं. घट्ट विणीचा, गडद, सैल, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट साडीवर घाला. नुसत्या टोपीनं गाल-कान झाकत नाहीत. तीन इंच काठाची हॅट किंवा मानेवरून खाली येणारं उपरणं, पदर हवा. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हा उन्हाचा जोर सर्वांत जास्त, म्हणून वाकून करायची कामं शक्य तितकी सकाळी उरका. आभाळ पातळ असेल तेव्हाही झाकून घ्या, विरळ ढगांतून बहुतेक अतिनील किरणं खाली येतात. सनस्क्रीन उरतं ते फक्त नाक, गालांची उंच हाडं आणि खालचा ओठ यांच्यासाठी. एवढ्याला अर्ध्या बोटाची रेघ पुरते.