भाकरी-पिठल्यातून पुरेसं लोह मिळतं का?

प्रश्न : घरात ज्वारीची भाकरी, पिठलं, पालेभाजी, ताक असंच जेवण असतं. बाईला लागणारं लोह, कॅल्शियम यातून भागतं का?

उत्तर : लोहाची बाजू लंगडी पडते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2020च्या शिफारशीनुसार पाळी येणाऱ्या स्त्रीला रोज 29 मिलिग्रॅम लोह हवं. 150 ग्रॅम ज्वारीच्या पिठातून, म्हणजे तीन भाकऱ्यांतून, जेमतेम 6 मिळतं, आणि तेही सगळं अंगी लागत नाही. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त अंगी लागतं, पण भाजी गॅसवरून उतरवल्यावरच लिंबू पिळा. उकळत्या भाजीत ते जीवनसत्त्व नासतं. जेवणावर लगेच चहा तर नकोच, त्याने लोह कमी अंगी लागतं; तासभर थांबा.

कॅल्शियम 1000 मिलिग्रॅम लागतं. 50 ग्रॅम ज्वारीच्या भाकरीतून 14च मिळतं, तेवढ्याच नाचणीतून सुमारे 180. म्हणून एक भाकरी नाचणीची करा. ताक पातळ असेल तर वाटीभर दही बरं.