जुन्या पिकअपचा सायलेन्सर बदलण्याआधी

भाऊ, जुनी डिझेल पिकअप चढाला दम टाकते म्हणून लगेच धुराचा मोठा पाइप बसवायला धावू नकोस. आधी गळती शोध. मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करणारा भाग) आणि टर्बो (धुराच्या जोराने इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) यांच्या जोडावर बॅटरीचा उजेड मार. तिथे काजळीचा काळा ओघळ दिसला तर गॅस बाहेर निसटतोय, टर्बोला जोर मिळत नाही आणि गाडी ओढत नाही. कधीकधी जोडात बसणारी नुसती गॅस्केट (गळती थांबवणारी चकती) बदलून काम भागतं.

गंजलेल्या नटांवर ताकद लावू नकोस. मी घाई केली, मॅनिफोल्डचा स्टड (ज्यावर नट बसतो तो बोल्ट) आतच तुटला आणि तो ड्रिल मारून काढण्यात अख्खा दिवस गेला. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मार, सकाळी पाना मागेपुढे करत हळूहळू सोडव.

पाइप घालायचाच तर वाकणात चपटा झालेला घेऊ नकोस, आतली वाट तिथेच अरुंद होते. गाडी रत्नागिरी-मालवणकडे फिरत असेल तर स्टेनलेस स्टीलच घे, खाऱ्या हवेत साधा पत्रा लवकर जातो. ब्रेकच्या नळ्यांपासून अंतर ठेव. पाइप टांगायचे रबरी हँगर नवेच लाव. पाइप चेसीला (गाडीच्या सांगाड्याला) थेट वेल्ड केलास तर इंजिनच्या हादऱ्याने तडकतो.

धूर साफ करणारा कन्व्हर्टर असेल तर तो काढू नकोस, आवाजही वाढवू नकोस. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे, लायसन्सही 3 महिने जातं.

दोन-तीन फेऱ्या झाल्या की इंजिन गार करून सगळे नट पुन्हा आवळ.