मोकळं बोलू: संबंधांमुळे पाळीची तारीख सरकते का?

प्रश्न: माझं वय २३. मे महिन्यात लग्न होऊन यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आले. माहेरी २८-२९ दिवसांनी पाळी यायची. सासरी आल्यापासून ३३, ४१, ३६, ३८ असे दिवस जातात. महालक्ष्म्यांत अडचण नको म्हणून ३०व्या दिवसापासून ८ दिवस पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या. दिवाळीनंतर ह्यांनी एकदा ७२ तासांवाली गोळी आणून दिली. मागच्या महिन्यात रात्री संबंध आला अन् सकाळीच पाळी आली. जाऊबाई म्हणते, संबंध आला का पाळी लवकर येते. सासूबाई म्हणतात, दिवस गेले असन. आता तारीख उलटून सहा दिवस झाले. दिवस मोजून संबंध ठेवतो, कारण दोन वर्षं मूल नको आहे. वेचणी सुरू आहे, चार किलो वजन उतरलं. माझं काही चुकतंय का?

उत्तर: पोरी, तुझं काहीच चुकत नाही. तू तारखा लिहून ठेवल्यास हे फार चांगलं केलंस. उपकेंद्रात नर्स म्हणून मी सव्वीस वर्षं काढली. ‘शेवटची पाळी कधी आली?’ विचारलं की ‘पोळ्याच्या आसपास’ असंच उत्तर मिळायचं. तुझे आकडे हाती आले म्हणून मला नीट सांगता येतंय.

संबंधांमुळे पाळीची तारीख सरकत नाही. अंडाशयातून बीज सुटलं की त्यानंतर साधारण १२ ते १४ दिवसांनी पाळी येते, आणि हा काळ फारसा बदलत नाही. बदलतो तो बीज सुटण्याआधीचा काळ. ३८व्या दिवशी पाळी आली याचा अर्थ बीज २४व्या दिवसाच्या आगेमागे सुटलं. संबंधाच्या वेळी गर्भाशय आकुंचन पावतं आणि वीर्यातही आकुंचन वाढवणारे घटक असतात. त्यामुळे आतला थर सुटायच्या बेतातच असेल, तर रक्त काही तास आधी दिसू शकतं. त्या सकाळी तेच झालं असावं. जाऊबाईंनी पाहिलं ते खरं आहे, पण पाळी आधीच दारात उभी होती.

आता तुझे ४१ दिवस. ३०व्या दिवसापासून ८ दिवस गोळ्या म्हणजे ३७वा दिवस झाला. गोळ्या थांबवल्या की दोन-चार दिवसांत पाळी येते. झाले ४१! ७२ तासांची गोळी, म्हणजे संबंधानंतर गर्भ राहू नये म्हणून घ्यायची, ती बीज सुटणं लांबवते, त्यामुळे त्या खेपेची पाळी आठवडाभरही मागेपुढे होते. ३८ दिवसांत तिचा वाटा असू शकतो. ती अडचणीच्या वेळेपुरतीच आहे, रोजच्या वापराची नाही.

पण ३३ आणि ३६ दिवसांत यातली कुठलीच गोळी नव्हती. तिथे मला तुझं नवं घर दिसतं. पहाटे चारला उठायचं, भाकरी थापायच्या, सूर्य माथ्यावर येईस्तोवर निंदण नाहीतर वेचणी, आणि रात्री सगळ्यांची ताटं उचलल्यावर उरलं तर जेवायचं. असंच चाललंय ना? पोटात कमी आणि राबणं जास्त झालं, झोप तुटली, जिवाला घोर लागला, की मेंदूकडून अंडाशयाला जाणारा निरोपच उशिरा निघतो. चार किलो वजन उतरणं ही साधी गोष्ट नाही. माझं स्पष्ट म्हणणं आहे, सुनेनं सगळ्यांच्या बरोबरीनं जेवायला बसावं. हे पान सासूबाईंनाही वाचायला दे.

‘दिवस मोजून’ वाचलं आणि मला काळजी वाटली. २८ दिवस धरून मोजशील तर फसशील. तुझं बीज कधी १९व्या, कधी २४व्या दिवशी सुटत असेल, म्हणजे नेमकं ज्या दिवसांना तुम्ही बिनधोक समजता त्या दिवसांत. निरोध किंवा माला-एन, छाया यांपैकी एखादी गर्भनिरोधक गोळी आशाताईकडे मागून घे. छाया आठवड्यातून दोनदा, तीन महिन्यांनी आठवड्यातून एकदा. तिच्यामुळेही काहींची पाळी लांबते, म्हणून आधीच सांगते. कोणतीही गोळी आधी गर्भाची चाचणी करूनच सुरू कर.

आज तुझा ३४वा दिवस आहे, म्हणजे तुझ्या आताच्या चालीनं फार उशीर झालेला नाही. तरी आशाताईकडून ‘निश्चय’ची गर्भचाचणीची पट्टी घे आणि उद्या सकाळच्या पहिल्या लघवीवर तपास. एकच रेघ आली आणि पाळीही आली नाही, तर आठवड्यानं पुन्हा तपास. बीज उशिरा सुटलं असेल तर पहिली चाचणी फसवू शकते. पाळी ‘आणायच्या’ गोळ्या मनानं घेऊ नकोस. उशिरासोबत एका बाजूला ओटीपोटात जोरात दुखलं किंवा चक्कर आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठ. पाळी नसताना दर वेळी संबंधानंतर रक्त दिसलं, तर गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी लागते.

पोटभर जेवूनही तीन महिने अंतर ३५च्या पुढेच राहिलं, तर ग्रामीण रुग्णालयात थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घे. जाताना तारखांची वही ने, आणि नवऱ्यालाही सोबत घेऊन जा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायला लाज वाटत असेल तर वहीच्या शेवटच्या पानावर कर: पाळीच्या पहिल्या दिवशी गोल, संबंध आला त्या दिवशी ठिपका, गोळी घेतली तर फुली. पट्टीवर काय आलं ते मला कळव.