पेपरवर नाव कितवं, हे विचारायला लाजू नकोस

अगं, काल तुझा फोन आला तेव्हा मी बसमध्ये होते, धड बोलता आलं नाही म्हणून आता लिहितेय. तू म्हणालीस की मॅडम, रिसर्च पेपरवर लेखकांत नाव आहे ना, मग पहिलं काय नि तिसरं काय, विचारलं तर मी हावरट वाटेन. हे आधी डोक्यातनं काढ बघू. दोन वर्षं राबलीयेस तू, विचारायचा हक्क आहे तुझा.

आपल्या बायोलॉजीत पहिलं नाव जिने प्रयोग केले, ड्राफ्ट लिहिला तिचं, शेवटचं लॅबच्या सरांचं, आणि मधल्यांकडे कोणी फारसं बघत नाही. कडू आहे पण आहे तसं. संदर्भ देताना लोक पहिलं आडनाव लिहून पुढे 'एट अल', म्हणजे 'आणि इतर', लावतात, झालं, बाकीचे गेले. नोकरीलाही तेच, यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दोनपेक्षा जास्त लेखक असले की पहिल्याला किंवा करस्पाँडिंगला, म्हणजे जर्नलशी पत्रव्यवहार करणाऱ्याला, ७० टक्के गुण आणि बाकीच्या प्रत्येकाला ३०.

तुझा गणितवाला मित्र क्रमाला काही अर्थ नाही म्हणतो ते त्याच्या विषयात खरंय, तिथे बहुतेक आडनावांच्या एबीसीडीने लावतात. फिजिक्समध्ये हिग्ज बोसॉन या कणाच्या वस्तुमानावरच्या २०१५ च्या पेपरला तर ५,१५४ लेखक होते, ३३ पानांतली २४ पानं नुसती नावं आणि संस्था! तेव्हा त्याचा नियम तू लावून घेऊ नकोस.

मी पीएचडीत असताना एका पेपरला दीड वर्ष घातलं आणि क्रमाचं एकदाही विचारलं नाही, वाटलं सरांना दिसतंय की. छापण्याआधी तपासायची प्रूफं आली तेव्हा माझं नाव चौथं. त्या रात्री हॉस्टेलवर खूप रडले पण तेव्हाही बोलले नाही, आणि पुढे एकाही इंटरव्ह्यूत त्या पेपरबद्दल मला कोणी विचारलं नाही. अजून लागतं ते.

म्हणून सबमिट व्हायच्या आत बोल, एकदा पेपर गेला की क्रम बदलायला बहुतेक जर्नल सगळ्या लेखकांची लेखी संमती मागतात आणि मग कोणीतरी अडून बसतंच. जाताना कुठली फिगर कोणी केली हे एका कागदावर लिहून ने, भांडण नको, कागद पुढे ठेव. आणि प्रामाणिकपणे बघ हं, तुझ्या सीनियरने अख्खं अ‍ॅनालिसिस नव्याने केलं असेल आणि त्यानेच पेपर उभा राहिला असेल तर तुम्हा दोघांना स्टार लावून 'समान वाटा' लिहिणं रास्त आहे, ते तूच सुचव. नुसतं मशीन वापरायला दिलं त्याचे आभार माना, तेवढ्यावर लेखक होत नाही कोणी.

बोलणं झालं की त्याच दिवशी सरांना दोन ओळींचा मेल टाक, काय ठरलं त्याचा. आणि तो कागद सोमवारच्या आत मला पाठव, मी रात्री जागीच असते.