ढोलपथकाला वेळेवर, फॉर्मला उशीर

प्रश्न: माझी मुलगी २० वर्षांची आहे. सीए फाउंडेशन पहिल्या झटक्यात पास झाली, पण इंटरचा, म्हणजे सीएच्या पुढच्या टप्प्याचा, अभ्यास पुढे सरकतच नाही. गेल्या वर्षी मानसोपचारतज्ज्ञांनी एडीएचडीचं (लक्ष टिकवणं अवघड जाण्याचं) निदान केलं, सकाळची एक गोळी सुरू आहे. मागच्या खेपेला परीक्षेचा फॉर्मच भरायचा राहिला. तारीख माहीत होती तिला! ‘पाच मिनिटांत आले’ म्हणून अंघोळीला जाते ती पाऊण तासाने बाहेर येते. आणि चारला कुठे जायचं असेल तर बारापासून पर्स मांडीवर घेऊन बसते, दुसरं काही करतच नाही. तिचे बाबा म्हणतात, ढोलपथकाच्या सरावाला बरी एक मिनिट उशीर होत नाही, म्हणजे हा आळसच. दीर म्हणतात, सीए सोडून एमपीएससी कर. कुणी म्हणतं, अशा मुलांनी डिझाइनला जावं. काय करावं?
एक आई, सातारा

उत्तर:

ताई, नमस्कार.

आधी बाबांचा मुद्दा घेते, कारण तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच आहे. त्यांनी बघितलंय बरोबर, निष्कर्ष तेवढा चुकलाय.

पथकात काय असतं बघा. सराव सातला म्हणजे सातला. मैत्रीण खालून हाक मारते. उशीर झाला तर कमरेला ढोल बांधून उभी असलेली अख्खी रांग बघत राहते. ताशाची तर्री सुरू झाली की मैदानाबाहेर असणं म्हणजे काय, ते अंगालाच कळतं. तिथे वेळ तिला स्वतःच्या डोक्यात सांभाळावी लागत नाही. ती बाहेर असते, दिसते, ऐकू येते. आता इंटर बघा. फाउंडेशननंतर परीक्षेला बसण्याआधी ८ महिन्यांचा अभ्यासकाळ, दोन ग्रुपमध्ये मिळून ६ पेपर, आणि या ८ महिन्यांत खालून हाक मारायला कुणी नाही. मुलगी तीच. एका ठिकाणी वेळ हाकेच्या अंतरावर आहे, दुसऱ्या ठिकाणी ती क्षितिजापलीकडे.

रसेल बार्कली नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली एडीएचडीची जी मांडणी केली, तिच्यात हे बरंचसं येतं. नुसतं ‘लक्ष लागत नाही’ एवढाच हा प्रश्न नाही. पुढचं मनात धरून आज वागणं, हे अवघड जातं. मुलांना दिवा काही सेकंद लावून दाखवायचा आणि मग ‘तेवढाच वेळ बटण दाबून धर’ म्हणायचं, अशा चाचण्या त्यावर झाल्या आहेत. एडीएचडी असलेल्या मुलांचा अंदाज त्यात जास्त चुकतो. इंग्रजीत याला ‘टाइम ब्लाइंडनेस’ म्हणतात. मला त्यातला आंधळेपणा पटत नाही. जवळचं स्वच्छ आणि लांबचं धूसर, असा चष्म्याच्या नंबरासारखा हा प्रकार वाटतो मला. म्हणून फॉर्मची तारीख ‘माहीत असूनही’ चुकते. माहीत असते, पण महिनाभर ती फक्त ‘नंतर’ असते, आणि एके सकाळी बघावं तर ‘काल’ झालेली असते.

पर्स मांडीवर घेऊन बसण्याचंही तेच. चार वाजायला किती अवकाश आहे हे आतून कळत नाही, आणि एकदा पुस्तकात शिरलं तर बाहेर येऊ याची स्वतःलाच खात्री नाही. मग सगळ्यात सुरक्षित काय? काहीच न करता बसणं. माझ्यासमोर बसून एका मुलाने हे सांगितलं तेव्हा त्याचे वडील शेजारीच होते. ते म्हणाले, “मला वाटायचं हा टाइमपास करतोय.” तो म्हणाला, “पप्पा, मी राखण करत असतो. वेळ निसटू नये म्हणून.”

‘फाउंडेशन झालं की सहज, मग आत्ताच कुठून आलं?’ असंही कुणीतरी म्हणालंच असेल. निदानासाठी लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून असावी लागतात, म्हणजे हे तिच्यात होतंच. बारावीपर्यंत शाळा, क्लास आणि तुम्ही मिळून तिचं घड्याळ होतात. शिवाय मुलींमध्ये उड्या मारणं कमी आणि हरवून बसणं जास्त असेल, तर ‘स्वप्नाळू आहे’ म्हणून ते वर्षानुवर्षं सुटून जातं.

आता करिअरचं. ‘अशा मुलांनी डिझाइनला जावं’ हा सल्ला मला मनापासून नावडतो. एडीएचडी आहे म्हणजे कलाकार आहे, असं काही नसतं. आणि डिझाइनच्या सबमिशनांना काय तारखा नसतात? मी विद्यार्थ्याची आवड आणि गुण तर बघतेच, पण त्या कामाचं घड्याळ कसं आहे तेही बघते: शेवटची तारीख किती जवळ असते, ती कोण सांगतं, आणि चुकली तर किती लवकर कळतं. हॉटेलच्या किचनमध्ये ऑर्डर समोर लटकत असते. वर्तमानपत्राच्या डेस्कवर पान ठरल्या वेळेला सुटतं. उलट पीएचडी, किंवा दिरांनी सुचवलेली एमपीएससी. वर्षानुवर्षं एकट्याने करायचा अभ्यास, ज्याचा शेवट कधी ते नक्की नाही. वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्या मुलीच्या दृष्टीने याहून कठीण घड्याळ मला सुचत नाही. अधिकारी झाल्यावर ती छान काम करेलही, प्रश्न तिथे पोचण्याच्या रस्त्याचा आहे.

आणि इथेच सीएची गंमत आहे. सीएचा अभ्यास आणि सीएचं ऑफिस ही दोन वेगवेगळी घड्याळं आहेत. अभ्यास म्हणजे लांबलचक, मोकळं मैदान. ऑफिस म्हणजे ७ तारखेला टीडीएस (कापलेला कर) भरला का, ११ ला जीएसटीआर-१ गेलं का, २० ला ३बी (ही दोन्ही जीएसटीची विवरणपत्रं). दर महिन्याला तेच, चुकलं की लेट फी किंवा व्याज, आणि क्लायंटचा फोन आधीच आलेला. हे पथकाच्या जवळ जाणारं काम आहे, ताई. म्हणून आत्ताच सीए सोडू नका. तिला हिशेब आवडत नसतील तर गोष्ट वेगळी. ते तिलाच विचारा, आणि बाबा समोर नसताना विचारा.

तेव्हा अडचण आहे ती मधल्या मैदानाची. त्याचे तुकडे पाडायचे. दोन्ही ग्रुप एकदम देण्याचा हट्ट सोडून एकच ग्रुप घ्या. आर्टिकलशिप (दोन्ही ग्रुप झाल्यावरची सीए फर्ममधली उमेदवारी) लांबेल, लांबू दे. टेस्ट सिरीज लावा, पण जिथे ठरल्या दिवशी समोर बसून पेपर लिहावा लागतो तीच. ‘घरी सोडवून अपलोड करा’वाली नको. स्वतःच स्वतःला दिलेली तारीख ही तारीख नसते, मेंदू तिला फसत नाही. (तुम्ही तिला फॉर्मची तारीख दोन दिवस अलीकडची सांगणार असाल तर तेही एकदाच चालतं.) आणि घरी खोलीचं दार लावून बसण्यापेक्षा अभ्यासिकेत पाठवा. शेजारी कुणीतरी मान खाली घालून लिहितंय, एवढ्यानेही खूप फरक पडतो.

एक छोटी वही करायला सांगा. दोन रकाने: अंदाज आणि प्रत्यक्ष. काम सुरू करण्याआधी पहिला रकाना भरायचा, संपल्यावर दुसरा. एका विद्यार्थिनीच्या वहीचं पान आठवतंय: ‘कॅश फ्लोचं एक गणित: २० / ५५. जेवण: १५ / ४०. क्लासला निघणं: ५ / २५.’ त्या शेवटच्या ओळीखाली तिने बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘किल्ली, चार्जर, परत किल्ली.’ निघणं हेही एक काम आहे आणि त्याला वेळ लागतो, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कागदावर दिसलं. पंधरा दिवसांत स्वतःचा गुणक कळतो, म्हणजे अंदाजाच्या साधारण किती पट वेळ लागतो ते. तिचा अडीच होता. मग अंदाज सुधारायच्या भानगडीत न पडता ती सरळ अडीचने गुणायला लागली. सीए होणाऱ्या मुलीला हे जमायला हरकत नाही.

पेपरमध्येही हेच. १०० गुण, १८० मिनिटं, म्हणजे गुणामागे १.८ मिनिटं, १४ गुणांच्या प्रश्नाला २५. ही सवय टेस्ट सिरीजमध्येच लावायची: प्रश्न सुरू करताना तो कधी सोडायचा ती वेळ, उदाहरणार्थ ‘२.५५’, प्रश्नपत्रिकेवर लिहायची. नाहीतर एकाच गणितात मन इतकं रमतं की ते सुंदर सुटतं आणि शेवटचे दोन प्रश्न कोरे राहतात.

गोळीबद्दल मी बोलू नये, ते डॉक्टरांचं काम. एक प्रश्न मात्र त्यांना विचारा. काही औषधांचा असर काही तासच टिकतो आणि इंटरचा पेपर दुपारी दोनला असतो. सकाळच्या गोळीचं तेव्हा काय? बदल करायचा असेल तर तो परीक्षेच्या खूप आधी व्हायला हवा, पहिल्या पेपरच्या दिवशी नाही. परीक्षेत जास्त वेळ मिळेल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधल्या २१ प्रकारांत एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. अध्ययन अक्षमता आहे. वाचन-लेखनाचीही अडचण लहानपणापासून असेल तर त्याची वेगळी तपासणी करून घ्या, तो रस्ता तिथून जातो.

आर्टिकलशिपची वेळ येईल तेव्हा फर्मचं नाव बघू नका. मुलाखतीत तिने एवढंच विचारावं, “रोजचं काम मला कोण देणार आणि संध्याकाळी कोण बघणार?” ‘फाइल घे, महिन्याभरात कर’ असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघावं. शेजारच्या टेबलावरून दिवसातून दोनदा “कुठपर्यंत आलं?” विचारणारा सीनियर तिला हवा. इतरांना तो नकोसा होतो.

घरात तुमच्याकडे एकच काम. पुढच्या फॉर्मची शेवटची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तिच्याच हाताने लिहून घ्या, आणि फॉर्म सुरू होईल त्याच दिवशी, चहाच्या वेळी, लॅपटॉप टेबलावर आणून दोघींनी बसून भरून टाका. त्याला तिला लाडावणं म्हणत नाहीत. मैत्रीण खालून हाक मारते, तसंच हे.

आणि बाथरूममध्ये एक घड्याळ लावा. काट्यांचंच. आकडे नुसती वेळ सांगतात, काटा सरकताना दिसतो. दोन वह्या आणा म्हणजे एक बाबांनाही देता येईल. ‘सातारा ते पुणे, दोन तास’ असं तेही म्हणत असतीलच.