प्लेटलेट्स भरपूर, तरी रक्त लवकर का थांबत नाही?

प्रश्न : वडिलांची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे. परवा विळीने बोट कापले, तर रक्त पंधरा मिनिटे थांबेना. रिपोर्टमध्ये प्लेटलेट्स मात्र 2.4 लाख आहेत. असे का व्हावे? – एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : पावसाळ्यात डेंगीमुळे आपल्या नागपुरात घरोघरी प्लेटलेट्सच्या आकड्याचीच चर्चा असते, त्यामुळे आपल्याला हा प्रश्न पडणे साहजिक आहे, परंतु रक्त थांबण्यासाठी प्लेटलेट्स नुसत्या असून भागत नाही, त्यांनी एकमेकींना धरून ठेवावे लागते.

रक्तवाहिनी कापली गेली की अस्तराखालचे कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन उघडे पडते, त्यावर व्हॉन विलेब्रँड फॅक्टर हे प्रथिन चिकटते आणि वाहत्या रक्तातल्या प्लेटलेट्स त्यात अडकतात. खरे काम इथून पुढे सुरू होते. अडकलेली प्लेटलेट आपला चपटा आकार सोडून पाय पसरते आणि एडीपी व थ्रॉम्बोक्झेन ही रसायने सोडून जवळून जाणाऱ्या प्लेटलेट्सना जागे करते. जाग्या झालेल्या दोघींना फायब्रिनोजेन या रक्तातल्या प्रथिनाचा एकच रेणू दोन्ही टोकांनी जोडतो. अशी गुठळी वाढते. दाटी झाली की मधल्या फटी इतक्या अरुंद होतात, की तिथली रसायने रक्ताबरोबर सहज वाहून जात नाहीत आणि शेजारणींची देवाणघेवाण चालू राहते. मग प्लेटलेट्स फायब्रिनचे (फायब्रिनोजेनपासून बनणारे) धागे आत ओढून गुठळी घट्ट करतात. साध्या नळीत ठेवलेल्या रक्ताचा गोळा काही वेळाने आकसून भोवती पिवळसर सीरम सुटते, ते या ओढीमुळेच.

ही पकड किती मोलाची आहे, हे स्विस बालरोगतज्ज्ञ ग्लान्झमान यांनी 1918 मध्ये वर्णिलेल्या आजारात दिसते : प्लेटलेट्सची संख्या पुरेशी, पण फायब्रिनोजेन धरणारा ग्राहकच (प्लेटलेटच्या पृष्ठभागावरचे, ठरावीक रेणू पकडणारे प्रथिन) सदोष, म्हणून रक्तस्राव.

वडिलांच्या गोळ्या हीच देवाणघेवाण मुद्दाम मंदावतात. अ‍ॅस्पिरिन थ्रॉम्बोक्झेन बनू देत नाही, आणि प्लेटलेटला केंद्रक नसल्याने ती निकामी झालेले प्रथिन पुन्हा बनवू शकत नाही, म्हणून तो परिणाम तिच्या 7 ते 10 दिवसांच्या आयुष्यभर टिकतो. क्लोपिडोग्रेल एडीपीचा एक ग्राहक अडवते. स्टेंटमध्ये (अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवलेल्या जाळीदार नळीत) गुठळी होऊ नये म्हणूनच हे दिले जाते, तेव्हा कृपया परस्पर एकही गोळी बंद करू नका. बोट कापल्यास स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटे, मध्ये उघडून न पाहता, दाबून धरा. तरीही रक्त थांबले नाही, किंवा शौचाला डांबरासारखे काळे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.